पदवी, प्रमाणपत्र आणि मुद्दलाची सुरक्षितता



बारावीचा निकाल लागला की आपल्या उपनगरांतील घराघरांत एकच विषय असतो. कोणी मिठीबाई आणि नरसी मोनजीच्या गुणवत्ता यादीकडे डोळे लावून बसतो, कोणी मुलुंड कॉमर्स, वझे-केळकर किंवा घाटकोपरच्या झुनझुनवालाचा अर्ज भरून ठेवतो. गेल्या काही वर्षांत ह्या गडबडीत एक तिसरा आवाज मिसळला आहे, तो भ्रमणध्वनीवरील जाहिरातींचा. सहा महिन्यांत डेटा सायन्स, चार महिन्यांत डिजिटल मार्केटिंग, नोकरीची हमी, हप्ते बिनव्याजी. मुलुंडच्या एका श्रावकबंधूंनी मला नुकतेच विचारले, "तीन वर्षे बी.कॉम. करण्यापेक्षा मुलीला दोन लाखांचा ऑनलाइन कोर्सच लावून द्यावा का? तुम्ही बँकेत होता, गुंतवणूक म्हणून काय योग्य ते सांगा." प्रश्न गुंतवणुकीच्या भाषेत विचारला गेला आहे, तेव्हा त्याचा विचारही त्याच शिस्तीने करू.

गुंतवणुकीत पहिला प्रश्न मुद्दल किती, हा असतो. अनुदानित तुकडीतील बी.कॉम.चे शुल्क आजही काही हजारांतच असते. विनाअनुदानित बी.एम.एस. किंवा अकाउंटिंग-फायनान्ससाठी त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात, हे खरे. पण पदवीतील खरे मुद्दल शुल्क नसून विद्यार्थ्याच्या आयुष्यातील तीन वर्षे हे आहे. आता ह्या मुद्दलावर मिळते काय? स्पष्टच बोलायचे तर ज्ञानाच्या दृष्टीने पुष्कळदा फार थोडे मिळते. मी एम.कॉम. होऊन बँकेत रुजू झालो, तरी क्लिअरिंगची थप्पी, लेजर पोस्टिंग आणि दिवसअखेरचे बॅलन्सिंग मला शाखेतील हेडकॅशियरांनी शिकविले, विद्यापीठाने नव्हे. तरीही त्या पदवीवाचून मला बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला पाऊल टाकता आले नसते. आजही सरकारी बँकांतील प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा, लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची परीक्षा, एम.बी.ए.चा प्रवेश ह्या सर्वांच्या दारावर एकच पाटी आहे : मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. पदवी हा प्रथमतः एक परवाना आहे. परवाना असलेला मनुष्य गाडी उत्तम चालवेलच असे नाही, परंतु परवाना नसलेल्यास गाडी मिळतच नाही. (आपल्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिकेत 'शिक्षण' ह्या रकान्याला जे महत्त्व असते, त्याविषयी मी येथे मौन पाळतो.)

मग ज्ञान येते कोठून? वाणिज्य शाखेतील आपल्या समाजाने ह्याचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. सकाळी सातचे कॉलेज, दहाची लोकल, फोर्टमध्ये आर्टिकलशिप आणि रात्री सी.ए.चा अभ्यास हा घाटकोपर-बोरिवलीच्या मुलांचा कित्येक दशकांचा दिनक्रम आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या सी.ए. इन्स्टिट्यूटने अभ्यासाची पुस्तके द्यावीत, परीक्षा घ्यावी, काम प्रत्यक्ष कार्यालयात शिकावे आणि बी.कॉम. बाजूने चालू ठेवावे, अशी ती रीत. आम्हा बँकवाल्यांचेही तसेच होते. नोकरी लागल्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सच्या परीक्षांचा अभ्यास घरी बसून करायचा आणि उत्तीर्ण झाल्यावर पगारवाढ घ्यायची. १९२८ पासून चालत आलेली ही संस्था आज कुर्ल्यात आहे आणि तिच्या जे.ए.आय.आय.बी., सी.ए.आय.आय.बी. परीक्षा बँकेतील तरुण आजही देतात. वर्गात न जाता शिकणे ही नव्या पिढीची कल्पना आहे असे कोणी म्हटले की मला म्हणूनच थोडे हसू येते. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षण विभाग १९७१ चा, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. टपालाची जागा इंटरनेटने घेतली, इतकेच.

म्हणून 'ऑनलाइन की पदवी' ही विभागणी मला मुळातच सदोष वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. त्याच वर्षी दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यासही आयोगाने मुभा दिली. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्समधील ऑनलाइन पदवी सुरू केली. तिची व्याख्याने घरी बसून ऐकता येतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि मधल्या टप्प्यावर थांबल्यास त्या टप्प्याचे प्रमाणपत्र अथवा पदविका मिळते. विलेपार्ल्याच्या कॉलेजात सकाळी बी.कॉम. करणारी मुलगी सायंकाळी ही पदवीही करू शकते. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी 'स्वयम्' आहे, ते २०१७ पासून. तेथील क्रेडिट कॉलेजच्या पदवीत धरता येतात, ४० टक्क्यांपर्यंत, अर्थात कॉलेजने मान्य केल्यास. शैक्षणिक क्रेडिटांची 'बँक'ही २०२१ पासून आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट तेथे जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. एका जुन्या बँकरला ही कल्पना आवडली नाही तरच नवल. मात्र ह्या खात्यावर व्याज नाही आणि मुदत संपल्यावर ठेव बुडते, हे खातेदाराने लक्षात ठेवावे.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो पदवी न घेता, केवळ खासगी कंपनीच्या प्रमाणपत्रावर विसंबावे का, हा. ह्याचे उत्तर अठरा वर्षांच्या मुलामुलीसाठी मी निःसंकोच 'नाही' असे देतो.

एक आकडा सांगतो. हार्वर्ड आणि एम.आय.टी. ह्या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे निघाले ३.१३ टक्के. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यातही निम्म्याहून कमी, ४६ टक्के. जगातील नामवंत अध्यापक, उत्तम चित्रीकरण, शुल्क नाही किंवा अल्प, तरीही ही अवस्था. दोष अभ्यासक्रमांचा नव्हता. आपल्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचून अर्थ ग्रहण करणे, शंका विचारणे, मनन करणे, पाठ घोकणे आणि शेवटी दुसऱ्यास समजावून सांगणे. पडद्यावरील व्याख्यान आपल्याला वाचना देते, आणि ती उत्कृष्ट देते. उरलेल्या चार गोष्टी विद्यार्थ्याने स्वतःच्या शिस्तीवर करावयाच्या असतात. ज्याला ही शिस्त आहे त्याला जग मोकळे आहे. परंतु अठराव्या वर्षी ती किती जणांत असते, हे प्रत्येक पालकाने आपल्या घरातील डोळ्यांसमोरच्या उदाहरणावरून ठरवावे. कॉलेजमध्ये निदान बाकावर शेजारी बसलेला मित्र शंका विचारतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला समजावून सांगताना आपलेच शिकणे पुरे होते.

काही विद्या तर पडद्यावर मावतच नाहीत. आपल्यातील अनेक कुटुंबे हिरे व्यवसायात आहेत. जी.आय.ए.सारखी संस्थादेखील रत्नपरीक्षेचा तात्त्विक भाग ऑनलाइन शिकवते, मात्र खडा हातात धरून प्रतवारी करण्यासाठी प्रयोगशाळेत बोलावते. भारत डायमंड बोर्समध्ये लूप डोळ्याला लावून बसणाऱ्याला ह्याचे कारण सांगावे लागणार नाही.

आता माझ्या प्रांतात येतो, म्हणजे कर्जाच्या. ह्या विषयात आपल्या लोकांचे सर्वाधिक नुकसान येथे होते आणि ह्याची चर्चा सर्वांत कमी होते.

दोन लाखांचा कोर्स विकणारा प्रतिनिधी 'बिनव्याजी हप्ते' म्हणतो तेव्हा बहुधा एका वित्त कंपनीचे कर्ज पालकांच्या नावे उभे राहते. व्याज कोठेच नाही असे नसते. कोर्स विकणारी कंपनी आपल्या किमतीतून काही रक्कम वित्त कंपनीस सोडून देते, तेच तिचे व्याज. म्हणजेच ते किमतीत आधीच धरलेले असते. ज्याला रोख भरणे शक्य आहे त्याने तेवढी सवलत मागून पाहावी, पुष्कळदा ती मिळते. पण गंभीर गोष्ट पुढे आहे. मुलाचे मन उडाले, अध्यापक बदलले, नोकरीची 'हमी' अटींच्या जंगलात हरवली, तरी हप्ता चालूच राहतो, कारण कर्जाचा करार वेगळ्या कंपनीशी झालेला असतो. हप्ता थांबविला तर सिबिलवर डाग पालकांच्या नावे पडतो आणि दोन वर्षांनी गृहकर्जाच्या अर्जावर त्याची आठवण होते. कोर्स विकणारी कंपनीच बुडाली तर? २०२० मध्ये मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियरला ३० कोटी डॉलरला विकत घेणारी आणि पुढे २,२०० कोटी डॉलर मूल्यांकनापर्यंत गेलेली बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना अशा कंपन्यांची कर्जे आणि खात्यातून आपोआप होणाऱ्या वसुलीबाबत सावध केले होते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्जदारास मूळ माहितीचे पत्रक मिळाले पाहिजे आणि ठराविक अवधीत मुद्दल परत करून, त्या दिवसांपुरता खर्च देऊन, कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे. अंगठा उमटविण्यापूर्वी, म्हणजे हल्ली ओटीपी सांगण्यापूर्वी, ते पत्रक मागावे.

ह्याच्या शेजारी बँकेचे शैक्षणिक कर्ज ठेवून पाहा. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, त्यास हमी निधीचे पाठबळ असते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते. परंतु ही योजना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी आहे आणि खासगी प्रमाणपत्रांना ती सहसा लागू होत नाही. शाखेत असताना अनेक पालक ह्यावर रागावत. मला मात्र वाटते की बँकेचा नकार हीसुद्धा एक फुकट मिळालेली माहिती आहे. ज्याच्यावर कर्ज द्यायला बँक तयार नाही, त्याच्यासाठी महाग दराने कर्ज काढण्यापूर्वी थांबून विचार करावा.

एवढे सांगूनही ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मी विरोधक नाही. ज्याच्या हाती पदवी आहे त्याच्यासाठी त्यांच्याइतकी स्वस्त गुंतवणूक दुसरी नाही. बी.कॉम. झालेली, लग्नानंतर अंधेरीत आलेली, दोन मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा काम करू पाहणारी सून घ्या. तिला जी.एस.टी. विवरणपत्रे किंवा टॅलीचे नवे रूप शिकायचे असेल, एन.आय.एस.एम.ची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा द्यायची असेल, तर दुपारचे दोन तास आणि अल्प शुल्क पुरे. परवाना तिच्यापाशी आहेच, गाडी तेवढी नव्या बनावटीची शिकायची आहे.

पण ह्याच्या उलट चित्रही मी पाहतो आहे आणि ते मला अस्वस्थ करते. मुलाला कॉलेजात पाठवायचे आणि मुलीला 'आता सगळे ऑनलाइन मिळते, लोकलच्या गर्दीत कशाला' असे म्हणून घरी बसवायचे. काळजीचा वेश घेतलेली ही काटकसर आहे. कॉलेजात मुलीला केवळ पाठ्यक्रम मिळत नाही. आपल्या सोसायटीबाहेरच्या, आपल्या ज्ञातीबाहेरच्या मुलामुलींत वावरणे, बँकेत स्वतः जाऊन डिमांड ड्राफ्ट काढणे, प्राध्यापकांशी वाद घालणे, हे सारे तेथे होते. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या, स्वतः मॅट्रिकही न झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली. त्यांचा भर वसतिगृहावर होता, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पुस्तके घरीही पाठवता आली असती.

आपल्या संस्थांकडे शेवटी वळतो. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयापासून दक्षिण भारत जैन सभेपर्यंत विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याची आपली परंपरा मोठी आहे. परंतु उपनगरांतील अनेक लहान ट्रस्टांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अजूनही कॉलेजच्या फीपावतीवर थांबतात. विश्वस्तांना माझी एक सूचना आहे. कॉलेजची मदत जशी आहे तशी ठेवा आणि त्याशिवाय एक लहान निधी परीक्षाशुल्काच्या परताव्यासाठी राखून ठेवा. एन.पी.टी.ई.एल.चे अभ्यासक्रम आयआयटीचे प्राध्यापक विनामूल्य शिकवतात आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेस एका विषयाला साधारण एक हजार रुपये पडतात. विद्यार्थ्याने शुल्क स्वतः भरावे, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दाखवून रक्कम परत घ्यावी. अनुत्तीर्णास काही नाही. शंभर उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी वर्षाला एक लाख रुपये लागतील, म्हणजे एका मध्यम स्वामिवात्सल्यापेक्षा कमी. दसऱ्याच्या आत ठराव झाला, तर जानेवारीच्या सत्रासाठी मुलांना वेळेवर नाव नोंदवता येईल.