भिंगारचा बादशहा आणि लिलावातला रुपया

१/
३ मार्च १७०७ (जुन्या गणनेनुसार २० फेब्रुवारी). अहमदनगरला लागून असलेल्या भिंगारच्या छावणीत औरंगजेबाचा मृत्यू झाला. त्याचा देह खुलताबादला नेण्यात आला. भिंगारला उरला तो आलमगीर दर्गा आणि एक कथा. आज तीनशेहून अधिक वर्षांनंतर ती कथा ऑनलाइन लिलावांत विकली जात आहे. हा धागा त्या विक्रीविषयी आणि तिला भुलणाऱ्या इतिहासप्रेमींविषयी आहे.

२/
अशा लिलावातली एक नमुनेदार जाहिरात डोळ्यांसमोर आणावी. चांदीच्या नाण्याचे एकच, जरा धूसर छायाचित्र. खाली मजकूर: औरंगजेबाचा अत्यंत दुर्मिळ रुपया, बादशहाच्या अखेरच्या दिवसांतला, भिंगार येथील शेतात सापडलेला, शेवटची दोन तास. बोली वाढत असते आणि घड्याळ उलटे धावत असते. एखादा विशीतला तरुण शिष्यवृत्तीचे पैसे त्या दोन तासांत पणाला लावतो.

३/
या मजकुरातला सर्वांत आकर्षक शब्द ‘भिंगार’ हा आहे आणि सर्वांत धोक्याचाही तोच. नाणे शेतात सापडल्याची गोष्ट खोटी असेल, तर ती उघड फसवणूक होय. खरी असेल, तर प्रकरण आणखी गंभीर होते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ती न देता नाणे परस्पर विकणारा मनुष्य कायदा मोडत असतो. म्हणजे गोष्ट खरी असो वा खोटी, अशा बोलीपासून दूर राहणेच शहाणपणाचे.

४/
त्याच्या जोडीला १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे या कायद्याच्या व्याख्येनुसार पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘परदेशातही पाठवू’ असे अभिमानाने लिहिणारा विक्रेता जुन्या भारतीय नाण्याबाबत एक तर अडाणी असतो किंवा बेफिकीर. आणि ते नाणे कालच ओतलेले असेल, तर निर्धास्त असतो.

५/
आता ‘अत्यंत दुर्मिळ’ या शब्दांकडे वळू. औरंगजेबाने १६५८ ते १७०७ असे जवळजवळ अर्धे शतक राज्य केले. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतील टाकसाळी या काळात चांदीचे रुपये पाडत होत्या. एकट्या सुरतेचे रुपये आजही मुबलक आढळतात. काही टाकसाळी आणि काही वर्षे खरोखरच दुर्मिळ आहेत, पण औरंगजेबाचा रुपया म्हणून कोणताही रुपया दुर्मिळ ठरत नाही. नावाचा दबदबा आणि नाण्याची दुर्मिळता यांची गल्लत करणे ही नवख्या संग्राहकाची पहिली चूक असते.

६/
मग ‘अखेरच्या दिवसांतला’ हा दावा कसा तपासावा? त्यासाठी नाण्यावरच साक्षीदार बसलेले असतात. मोगल रुपयावर बहुधा दोन कालनिर्देश आढळतात: हिजरी सन आणि बादशहाचे जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष. औरंगजेबाची जुलूस वर्षे हिजरी १०६८ च्या रमजानपासून मोजली जातात. म्हणून हिजरी सनातून जुलूस वर्ष वजा केले की उत्तर १०६७ किंवा १०६८ यायला हवे. ५१ वे जुलूस वर्ष डिसेंबर १७०६ मध्ये सुरू झाले आणि बादशहा मार्चमध्ये गेला. १११८ आणि ५१ ही जोडी जुळते. ११०५ आणि ५१ ही जुळत नाही.

७/
टाकसाळीत कधी जुना ठसा नव्या ठशाशी जोडला जाई. त्यामुळे एका वर्षाच्या फरकावरून नाण्याला लगेच खोटे ठरवू नये. दहा-बारा वर्षांच्या तफावतीला मात्र हे कारण पुरत नाही. फारसी अंक शिकायला एक दुपार पुरते, आणि ज्याने ती दुपार खर्च केली, त्याची कित्येक महिन्यांची बचत वाचते.

८/
तिसरा साक्षीदार टाकसाळीचे नाव. ५१ व्या जुलूस वर्षाचा अस्सल रुपया हाती आला, तरी त्यावर ‘सुरत’ लिहिलेले असेल तर तो सुरतेत पडलेला आहे. त्याने भिंगार पाहिलेच असेल, असे मुळीच नाही. बादशहाच्या मृत्यूचे वर्ष आणि मृत्यूचे ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता त्यांची गाठ मारतो आणि त्या गाठीचे पैसे घेतो.

९/
चौथा साक्षीदार नाण्यावरचा फारसी मजकूर. औरंगजेबाने नाण्यांवरून कलमा वगळला आणि त्या जागी आपल्या नाण्याची तुलना तेजस्वी ग्रहगोलाशी करणारा मजकूर आणला. सामान्यतः चांदीवर पूर्णचंद्राचा शब्द ‘बद्र’ येतो आणि सोन्यावर सूर्याचा शब्द ‘मिहर’. ‘सोन्याची मोहर’ म्हणून दाखवलेल्या नाण्यावर ‘बद्र’ वाचता आला, तर रुपयाच्या साच्यावरून ओतून मुलामा दिल्याची शंका आधी घ्यावी. ज्याला कलमा असलेले नाणे औरंगजेबाचे म्हणून विकले जात आहे, त्याने तर बोलीचा विचारही करू नये.

१०/
पाचवा साक्षीदार सर्वांत बोलका आहे. त्या काळी नाणी हाताने पाडली जात. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेर राही आणि प्रत्येक नाण्यावर थोडा वेगळा तुकडा उमटे. शिवाय चलनात फिरताना सराफ नाणे पारखून त्यावर आपली बारीक खूण ठोकत. म्हणून दोन अस्सल रुपये हुबेहूब सारखे असणे जवळपास अशक्य. एकाच विक्रेत्याच्या दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर मजकूर नेमका त्याच अक्षरावर तुटत असेल, कडेवरचा खड्डा आणि सराफाची खूण त्याच जागी असेल, तर ती दोन्ही एका साच्याची लेकरे होत.

११/
औरंगजेबापेक्षाही मोठा बाजार शिवाजी महाराजांच्या नावाचा आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई महाराजांनी सुरू केली, हे खरे. पण ती पुढच्या छत्रपतींनी चालू ठेवली, पेशवाईत ती अनेक ठिकाणी पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही ती लोकांच्या कनवटीला होती. आडव्या दोन रेघांची ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन. ती अस्सल असते, ऐतिहासिक असते, स्वस्तही असते. फसवणूक एवढीच की ती ‘राज्याभिषेकाच्या वेळचे नाणे’ म्हणून विकली जाते. येथे नाणे खरे असते आणि चिठ्ठी खोटी.

१२/
सोन्याच्या शिवराई होनाची गोष्ट याच्या उलट. त्याचे अस्सल नमुने अत्यंत मोजके आहेत आणि अभ्यासकांना ते माहीत आहेत. एखादा होन अनोळखी खात्यावर, पावतीशिवाय, चारचाकीच्या किमतीत मिळत असेल, तर तो मिळत नाही असेच समजावे.

१३/
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावानेही हाच प्रकार होतो. त्यांच्या महेश्वरच्या टाकसाळीतील नाण्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र दिसते, पण मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या शाह आलमचे असते. त्या काळची रीतच तशी होती. म्हणून अहिल्याबाईंची छबी आणि देवनागरी नाव असलेले ‘होळकरकालीन’ नाणे हे आधुनिक होय. २०२५ मध्ये त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त केंद्र सरकारने ३०० रुपयांचे स्मृतिनाणे काढले. ते संग्रही ठेवण्याजोगे आहे; पण ते आपल्या काळाचे आहे.

१४/
आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ सालचा, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे लिहिलेला, रामदरबार वा हनुमान असलेला तो प्रसिद्ध ‘एक आणा’? तो कंपनीने कधीच पाडला नाही. त्याला बनावट म्हणणेही चूक ठरेल, कारण बनावटीला मूळ वस्तू लागते. ज्या नाण्याला मूळच नाही, त्याला कल्पनानाणे म्हणावे. तांदूळ ओढणारे, चुंबकाला चिकटणारे, घरात लक्ष्मी आणणारे असे त्याचे गुण सांगितले जातात. हे गुण नाण्याचे नव्हेत, गिऱ्हाईक ओढणाऱ्याचे आहेत.

१५/
नाणे खरे असले तरी लिलाव खोटा असू शकतो. विक्रेताच दुसऱ्या खात्यावरून बोली चढवतो, किंवा मित्राकडून चढवून घेतो. इतिहास नसलेली नवी खाती एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा बोली लावून नेमकी शेवटी हरत असतील, तर खरा बोलीदार एकटाच उरलेला असतो. यावर उपाय एक: तशाच नाण्याच्या पूर्वीच्या लिलावांतील किमती पाहून आपली मर्यादा आधी कागदावर लिहावी आणि घड्याळाकडे पाहून ती बदलू नये.

१६/
बोलीपूर्वी चार गोष्टी मागाव्यात: दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, कडेचे छायाचित्र, ग्रॅममधले वजन आणि खोटे ठरल्यास परत घेण्याची लेखी हमी. मोगल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो; झिजलेला थोडा हलका असतो, नऊ ग्रॅमचा असेल तर प्रश्न विचारावा. कडेवर बारीक शिवण, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आणि साबणासारखी गुळगुळीत अक्षरे ही साच्यात ओतल्याची लक्षणे. जाहिरातीतले छायाचित्र शोधयंत्रात टाकून पाहावे. पुष्कळदा ते एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उचललेले निघते.

१७/
पैसे लिलावाच्या अधिकृत मार्गानेच द्यावेत. ‘कमिशन वाचवू, थेट पाठवा’ असे म्हणणारा विक्रेता कमिशनबरोबर गिऱ्हाइकाचे संरक्षणही वाचवतो. पार्सल उघडताना अखंड चित्रीकरण करावे आणि नाणे त्याच दिवशी तोलावे. चुंबकाची चाचणी अपुरी आहे: लोखंड पकडले जाते, पण जर्मन सिल्व्हर निसटते. पाण्यात तोलून घनता काढली, तर चांदीची साडेदहाच्या जवळ येते आणि जर्मन सिल्व्हरची नऊच्या आत राहते. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या सायबर मदतक्रमांकावर तातडीने कळवावे.

१८/
याच सापळ्याचे दुसरे तोंड विकणाऱ्यांसाठी उघडे असते. ‘आजोबांच्या पेटीतली नोट लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे संदेश रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह लावून फिरू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर इशारा दिला: बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही. जो विकत घेणार, तोच आधी पैसे मागतो, हा सौदा भिंगारच्या आठवडे बाजारात कुणी केला नसता. मोबाइलवर मात्र तो होतो.

१९/
‘हजार-दोन हजारांत कुणी फसला, तर इतिहासाचे काय बिघडले?’ असा प्रश्न येईल. बिघडते. नाण्यावर टाकसाळीचे नाव आणि वर्ष असणे म्हणजे त्या वर्षी त्या ठिकाणी कोणाची सत्ता मान्य होती, याचा पुरावा. खोटी टाकसाळ आणि खोटे वर्ष म्हणजे न घडलेली घटना. असे नाणे आधी घरच्या कपाटात येते, मग शाळेच्या प्रदर्शनात, मग स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकेत. तिथून ते काढणे फार अवघड असते. मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी बहमनी फौजेचा पराभव करून ज्या परिसरात निजामशाहीचा पाया घातला, त्या मुलखाच्या इतिहासात अशी भेसळ होणे ही किरकोळ बाब नव्हे.

२०/
यावर ‘मग संग्रहच करू नये काय?’ असे विचारले जाईल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठ्यांच्या नाण्यांवरचा ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हा १९८९ चा ग्रंथ के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी लिहिला, आणि अशा अभ्यासाला संग्राहकांनीच बळ दिले. आटवली गेली असती अशी कितीतरी नाणी खाजगी संग्रहांमुळे वाचली. फरक नोंदीचा आहे. नाणे कोणाकडून, केव्हा, कोणत्या माहितीसह आले, हे लिहून ठेवणारा संग्राहक अभ्यासक असतो; न लिहिणारा केवळ गिऱ्हाईक.

२१/
म्हणून पहिली खरेदी नाण्याची नसावी, पुस्तकाची असावी. पहिली फेरी लिलावाच्या संकेतस्थळावर नसावी. नाशिकजवळच्या अंजनेरीचे नाणेसंग्रहालय किंवा मुंबईतले रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय गाठावे आणि अस्सल नाणी डोळ्यांत भरून घ्यावीत. झेनोसारख्या ऑनलाइन संग्रहात हजारो पौर्वात्य नाणी विनामूल्य पाहता येतात. शंभर खरी नाणी पाहिलेल्या डोळ्याला एकशे एकावे खोटे नाणे खुपू लागते.

२२/
जुन्या काळी पोतदार नाणे हाती घेई, वाजवून पाही, तोली, आणि मगच खजिन्यात टाकी. समोरचा मनुष्य कोणाचे नाव घेतो, याने त्याच्या तराजूचा काटा हलत नसे. औरंगजेब, शिवछत्रपती, अहिल्याबाई ही नावे मोठी आहेत. म्हणूनच त्यांच्या नावावर खपणारी प्रत्येक वस्तू अधिक कठोरपणे तोलली पाहिजे. भिंगारची कथा ऐकायला कोणतेही शुल्क नाही. जो ती विकतो, त्याला आधी वजन विचारावे.