कॉसमॉस कुंपणाच्या आतच बरा

पाऊस ओसरू लागला की पुण्याच्या टेकड्यांवर, घाटरस्त्यांच्या कडेला आणि पडीक माळांवर नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसचे ताटवे फुलतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि त्यांतले कित्येक जण या फुलाला सोनकी समजतात. सोनकी इथलीच, सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात उगवणारी बुटकी वनस्पती. कॉसमॉस मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानाशी निगडित असलेल्या कावानियेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले आणि बागांच्या हौसेबरोबर तो जगभर गेला. बागेत त्याने राहावे, याला हरकत घेण्याचे कारण नाही. पण त्याचे बी बागेबाहेर जाऊ देणे ही चूक आहे, आणि डोंगर सुंदर दिसावेत म्हणून ते मुद्दाम उधळणे ही त्याहून मोठी चूक आहे.

कॉसमॉस लोकप्रिय का झाला, हे पाहिले की तो धोकादायक का ठरतो तेही कळते. बी टाकल्यावर काही दिवसांत रुजते, दोनेक महिन्यांत झाड फुलावर येते. खत लागत नाही. उलट माती फार कसदार असली तर पानेच माजतात आणि फुले कमी येतात. ऊन सोसते, थोडे पाणी पुरते, कीडही फारशी लागत नाही. वेळ नसलेल्या बागकाम्याला याहून सोयीचे फूल मिळणे कठीण. मात्र ज्याला माणसाची मदत फारशी लागत नाही, त्याला कुंपणाचीही अडचण होत नाही. त्यातही त्याच्या बीची घडण पाहण्यासारखी आहे. सावरीच्या किंवा रुईच्या बीसारखी वाऱ्यावर तरंगायला त्याला म्हातारी नसते. दोन-तीन सेंटीमीटर लांब, चोच असलेले ते बारीक बी. टोकाला बहुधा दोन-तीन काटे आणि त्या काट्यांना मागे वळलेली बारीक कुसळे. कपड्याला, गुरांच्या केसांना असे बी अडकते आणि पुढच्या मुक्कामी गळून पडते. टायरला लागलेल्या चिखलातून, भरावाच्या मातीतून, बागेतला पालापाचोळा टेकडीवर नेऊन टाकल्यानेही ते पसरते. म्हणजे कॉसमॉसच्या प्रवासात माणसाच्या वावरण्याचा, वागण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि म्हणूनच तो प्रवास रोखणेही आपल्या आवाक्यातले आहे.

तो जिथे जाऊन स्थिरावतो त्या जागेवर आधी काय असते, हे लक्षात घ्यायला हवे. सह्याद्रीच्या माळांवर आणि सड्यांवर मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो. तिथे तेरडा, कवला, सोनकी, नाना तऱ्हेची गवते आणि कंद पावसाच्या चार महिन्यांत उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सगळे उरकून घेतात. साताऱ्याजवळचे कास पठार याच संपदेमुळे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. यांतली कित्येक झाडे वीत-दोन वीत उंचीची आहेत. कॉसमॉस मात्र सहज कमरेएवढा, कधी माणसाएवढा वाढतो आणि दाट उगवतो. बुटक्या झाडांच्या डोक्यावर त्याने सावली धरली की त्यांना ऊन कमी मिळते, बी कमी धरते आणि दरवर्षी बियांवर जगणाऱ्या वनस्पतीला त्याचा फटका पुढच्याच पावसात बसतो. जिथे गवत असायचे तिथे हा आला तर चराईही घटते. लांबून पाहणाऱ्याला डोंगर फुललेला दिसतो. त्या उतारावरची वीस प्रकारची झाडे जाऊन एकच उरले आहे, हे जवळ जाऊन वाकल्याशिवाय दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: झेंडूही मेक्सिकोचाच, मग दसऱ्याचे तोरण सोडायचे का? मिरची आणि बटाटा तरी कुठे इथले? आक्षेप रास्त आहे, कारण परकेपणा हा काही वनस्पतीचा गुन्हा नव्हे. प्रश्न ती स्वतःहून पसरते का, एवढाच आहे. झेंडूचे रोप शेतकरी लावतो, फुले तोडून बाजारात नेतो, आणि शेताबाहेर झेंडूने डोंगर व्यापल्याचे चित्र आपल्याकडे दिसत नाही. मिरचीचेही तसेच. कॉसमॉस मात्र कोणी न लावता दरवर्षी नव्या उतारावर दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. कॉसमॉसवर फुलपाखरे येतात, मधमाश्या येतात, मग त्याने निसर्गाचे भलेच होत नाही का? मध मिळतो हे खरे. परंतु फुलपाखराचे आयुष्य मधावर संपत नाही; त्याच्या अळीला पान लागते, आणि तेही ठरावीक झाडाचे. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईसारख्या झाडांवर अंडी घालते. लिंबाच्या कुळातल्या पानांवर वाढणाऱ्या अळ्या कॉसमॉसच्या पानावर जगत नाहीत. माळावरच्या वनस्पती गेल्या तर त्यांच्यावर पोसणाऱ्या अळ्याही जातात, मग मधाची पंगत मांडून उपयोग काय? बागेतल्या चार रोपांवर फुलपाखरांनी जरूर यावे; ती चार रोपे माळाची भरपाई मात्र करू शकत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. कॉसमॉस उगवतो तो बहुधा आधीच उकरलेल्या जागी: रस्त्यासाठी कापलेला डोंगर, खाणीचा काठ, भराव, सोडून दिलेले शेत. मग दोष फुलाचा की डोंगर फोडणाऱ्याचा? मूळ दुखणे डोंगरफोडीचेच आहे, आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवे. पण उकरलेली जमीन कायम उघडी राहत नाही. तिच्यावर गवत आणि स्थानिक झाडोरा हळूहळू परतत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी कॉसमॉस पुढे येऊन जागा अडवतो. पुण्याला हा धडा नवा नाही. १९५०च्या दशकाच्या मध्याला गाजर गवताची पहिली नोंद याच शहरात झाली. पुढे ते देशभर किती फोफावले ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कॉसमॉसची गाजर गवताशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल, त्याने त्वचेचे आणि श्वासाचे तसे विकार होत नाहीत. पण घाणेरी आली तीही शोभेचे झाड म्हणूनच, आणि आज ती रानातून काढायची तर मुळे खणावी लागतात, खर्च आणि वर्षे दोन्ही जातात.

कॉसमॉसच्या बाबतीत अजून ती वेळ आलेली नाही. तो एकाच हंगामाचा, मुळे उथळ, ओल्या मातीतून हाताने सहज उपटून येणारा. म्हणून बागेत लावणाऱ्यांनी फूल सुकले की बी पिकण्याआधी खुडावे आणि छाटलेले झाड टेकडीवर किंवा ओढ्यात फेकू नये. पावसाळ्याआधी डोंगरावर बिया भिरकावण्याची हौस आता अनेक गावांत रुजली आहे. हेतू चांगला असला तरी त्या पिशवीत कॉसमॉस असता कामा नये. घाटातल्या रस्त्यांच्या कडेला आणि दुभाजकांत तो लावणे सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि महापालिकांनी बंद करावे. रोपवाटिकांनी बियांच्या पाकिटावर ‘फक्त बागेसाठी’ एवढे दोन शब्द छापले तरी बरेच काम होईल. टेकड्यांवर उपटणीची मोहीम घ्यायची तर फुले येण्याच्या सुमारास, बी धरण्याआधी घ्यावी आणि लागोपाठ काही वर्षे घ्यावी, कारण मातीत पडून राहिलेले बी पुढच्या पावसात पुन्हा उगवते. उत्साहाच्या भरात सोनकी उपटली जाऊ नये म्हणून आधी पाने ओळखायला शिकावे: सोनकीचे पान अखंड, कडेला दाते असलेले, कॉसमॉसचे झालरीसारखे खोलवर चिरलेले.