विश्लेषण : चार देशांची ‘एफ्टा’ आणि १०० अब्ज डॉलरचे आश्वासन

भारत आणि युरोपीय मुक्त व्यापार संघटना अर्थात ‘एफ्टा’ यांच्यातील करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख प्रत्यक्ष रोजगार हे त्याचे मुख्य आकर्षण. पण ही हमी कितपत पक्की आहे?

‘एफ्टा’मध्ये कोण?

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन. चौघांची एकत्रित लोकसंख्या सुमारे दीड कोटी, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशापेक्षाही कमी. १९६० मध्ये ब्रिटनसह सात देशांनी ही संघटना स्थापली. पुढे ब्रिटन, डेन्मार्क, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, स्वीडन युरोपीय समुदायाकडे वळले. नॉर्वेच्या जनतेने मात्र १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत सदस्यत्व नाकारले.

युरोपीय संघापेक्षा वेगळेपण काय?

युरोपीय संघाचे बाहेरच्या देशांसाठी एकच आयात शुल्क असते. ‘एफ्टा’त प्रत्येक देश आपले शुल्क स्वतः ठरवतो, करारांची बोलणी मात्र सहसा एकत्र होतात.

भारताला शुल्कसवलतीचा किती लाभ?

भारताच्या ९९.६ टक्के निर्यातीला सवलत मिळाल्याचे सरकार सांगते. मात्र, स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासूनच औद्योगिक वस्तूंवरील शुल्क सर्वच देशांसाठी रद्द केले आहे. त्यामुळे आपल्या कारखानदारांना तेथे स्पर्धकांपेक्षा वेगळा फायदा फारसा उरत नाही. उलट, भारतात स्विस घड्याळे आणि चॉकलेटवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होईल. दुग्धजन्य पदार्थ सवलतीबाहेर ठेवले आहेत. ‘एफ्टा’कडून होणाऱ्या आयातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा सोन्याचा आहे, त्यावरील प्रत्यक्ष शुल्कात बदल नाही.

मग गुंतवणुकीची हमी?

म्हणूनच कराराचे खरे मोल गुंतवणुकीत आहे. पहिल्या १० वर्षांत ५० अब्ज आणि पुढील पाच वर्षांत आणखी ५० अब्ज डॉलर आणण्याचे उद्दिष्ट आहे. शेअर बाजारात येणारा पैसा यात धरला जाणार नाही. थेट परकीय गुंतवणूकच मोजली जाईल. अडचण अशी की, हा पैसा सरकारांचा नाही, खासगी कंपन्यांचा आहे. सरकारे प्रोत्साहन देऊ शकतात, सक्ती करू शकत नाहीत.

उद्दिष्ट हुकले तर?

वाटाघाटी आणि वाढीव मुदतीनंतरही पूर्तता न झाल्यास दिलेल्या सवलती तात्पुरत्या मागे घेण्याचा मार्ग भारताला आहे. पण तोवर दीड दशक उलटलेले असेल. शिवाय कंपन्या येतात त्या जमीन, वीज, कुशल मनुष्यबळ आणि परवान्यांचा वेग पाहून. ती तयारी भारतालाच करावी लागेल.