बाळंतिणीला मेडिकलच्या भरवशावर सोडू नका!

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात मजूर बाई बाळंत झाली, की दोन प्रश्न तिच्यापुढे उभे राहतात. छाती दाटली, बोंडाला चिरा पडल्या, दूध पुरेनासे झाले तर विचारायचे कोणाला? आणि ताप येऊन औषध घ्यावे लागले, तर बाळाला अंगावर पाजायचे की नाही? शहरातील सुशिक्षित स्त्री बालरोगतज्ज्ञाला फोन करते. आमच्या मायबहिणींच्या वाट्याला बरेचदा मेडिकलवरचा सल्ला येतो: 'औषध चालू आहे तोवर दूध तोडा, डबा न्या.'

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. बहुतेक औषधे आईच्या दुधात फार थोडी उतरतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अमॉक्सिसिलीन ही औषधे डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेताना दूध बंद करण्याची सहसा गरज नसते. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारातही पाजणे चालू ठेवता येते. छातीत गाठ येऊन ताप आला, तरी त्या बाजूने पाजत राहावे. दूध अचानक बंद केल्यास गळू होण्याचा धोका वाढतो. चिरा बहुधा बाळाने नुसते बोंड धरल्याने पडतात. भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. मात्र कर्करोगावरची औषधे, कोडीन असलेली औषधे यांचा धोका खरा आहे. म्हणून 'सगळे चालते' म्हणणेही घातक आणि 'सगळे बंद करा' म्हणणेही घातक!

हातावर पोट असलेल्या घरात डबा पुरवून पुरवून वापरला जातो, पावडर पातळ होते, पाणी उकळलेले नसते. मग हगवण आणि कुपोषण ठरलेलेच. दुधाच्या पावडरीची व बाटलीची जाहिरात करण्यास 1992 च्या कायद्याने बंदी घातली. पण चुकीचा सल्ला ही फुकटची जाहिरातच नव्हे काय?

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला आणि तिचा भार बहुतांशी सरकारने उचलावा, असे सांगितले. 1929 साली मुंबई प्रांतात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा झाला. 2017 साली पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण कापूस वेचणाऱ्या बाईला कोणती रजा? तिला रजा नाही, आणि धड सल्लाही नाही!

योजना कागदावर आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईंनी 42 दिवसांत सहा भेटी द्यायच्या असतात. स्तनपानासाठी 'माँ' कार्यक्रम 2016 साली सुरू झाला. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक भेटीत बाळ कसे पिते ते पाहिले जावे आणि त्यासाठी आशाताईंना नीट प्रशिक्षण व योग्य मोबदला मिळावा. पाजणाऱ्या आईला कोणती औषधे चालतात, कोणती नाहीत, याचा मराठी तक्ता प्रत्येक उपकेंद्रात लागावा. अडलेल्या प्रश्नासाठी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर फोनवर उपलब्ध असावेत.

विहारातील महिला मंडळांनी ही मागणी ग्रामसभेत लावून धरावी. आणि प्रत्येक बाळंतिणीने औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना ठणकावून सांगावे, 'माझं बाळ अंगावर पितं, त्याला चालेल असंच औषध द्या.' हे विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, तो तिचा हक्क आहे.