परराष्ट्रधोरणाची कसोटी

यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर चोरांनीं घायाळ करून टाकलेल्या वाटसरूचा दृष्टांत आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ज्या पश्चिम आशियांत ती वाट आहे, तो प्रदेश आजवर वारंवार युद्धांनीं होरपळत आला आहे. आणि त्याच्याविषयींचें आपल्या देशाचें धोरणही गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ पालटलें आहे.

1947 सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत भारतानें पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिलें. 1950 सालीं त्यानें इस्राएलास मान्यता दिली खरी, परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळण्यास 1992 साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं, 1988 सालीं, पॅलेस्टाइनच्या राज्यासही मान्यता देण्यांत आली. भारताचे पंतप्रधान 2017 सालीं प्रथमच इस्राएलास गेले, व 2018 सालीं पॅलेस्टाइनलाही.

हा पालट कित्येकांस तत्त्वच्युति वाटतो, तर कित्येकांस शहाणपण. आमच्या मतें धोरण बदलणें हा स्वतः दोष नव्हे. तेलासाठीं आपण त्या प्रदेशावर अवलंबून आहों. लक्षावधि देशबांधव आखाती देशांत कष्ट करून घरीं पैसे धाडतात. कोंकणांतून इस्राएलांत गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडीं आपली मराठी आहे. मग एकाच बाजूशीं बोलून कसें भागेल? परंतु सर्वांशीं मैत्री राखावी म्हणून निरपराध्यांच्या हालांविषयीं मौन पत्करणें ही चतुराई असेल, थोरवी नव्हे.

राष्ट्राचें बळ वाढलें म्हणजे त्याची जबाबदारीही वाढते. 2015 सालीं यमनांत युद्ध पेटलें असतां भारतानें आपल्या 4000हून अधिक लोकांबरोबर परदेशच्या 900हून अधिक लोकांसही सुखरूप बाहेर काढलें. त्या समयीं भारताचें थोरपण खरोखर दिसून आलें.

सोलापुरास हा धडा नवा नाहीं. देश परतंत्र असतां, 1938 सालीं, काँग्रेसनें युद्धग्रस्त चीनला धाडलेल्या पांच डॉक्टरांत आपल्या नगरीचे द्वारकानाथ कोटणीस होते. जखमींची सेवा करीत असतां 1942 सालीं, अवघ्या 32 व्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. पुढें 1962 सालीं भारत व चीन यांच्यांत युद्ध झालें, धोरणें पालटलीं. पण कोटणिसांचें नांव चीनमध्यें आजही आदरानें घेतलें जातें.

विद्यार्थी मित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी देशाचा कारभार पाहील. त्यानें नकाशा पाहावा, हिशेबही पाहावा. परंतु घायाळास वाटेवर टाकून पुढें जाऊं नये.