स्वखुशीची फारखत

श्रमविचार : साप्ताहिक सदर

भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची ताटे, वाट्या, डबे घडतात. पण प्रेसवर हात सांभाळीत पत्रा दाबणारा, किंवा पॉलिशच्या चाकापाशी काळ्या धुळीत उभा राहणारा कामगार ज्या दिवशी कामावरून दूर होतो, त्या दिवशी अनेकदा त्याच्याकडूनच एक कागद लिहून घेतला जातो. ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडीत आहे, माझा सर्व हिशेब चुकता झाला असून माझे काहीही येणे नाही’ असा त्यातील मजकूर असतो, आणि अडकलेला पगार सुटावा एवढ्याचसाठी केलेली ती सही पुढे बेकारीच्या भत्त्याच्या हक्काची फारखत ठरते.

आपल्याकडे बेकाराला भत्ता मिळतच नाही, ही समजूत रूढ असली तरी ती पूर्णतः खरी नाही. कर्मचारी राज्य विमा निगमाने 2005 मध्ये, कारखाना बंद पडल्याने वा कपातीमुळे काम गेलेल्यांसाठी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणली. 2018 मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तिच्या जोडीला आली आणि करोनाच्या संकटात, 2020 मध्ये, तिचा लाभ सरासरी मिळकतीच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेण्यात आला. ज्याची रोजची सरासरी मिळकत 500 रुपये भरते, त्याला या हिशेबाने दिवसाला 250 रुपये, आयुष्यात एकदा आणि अधिकात अधिक 90 दिवस, म्हणजे एकूण 22,500 रुपये मिळू शकतात. त्यासाठी विमापात्र नोकरीची किमान दोन वर्षे भरावी लागतात, आणि काम सुटण्याच्या लगतपूर्वीच्या सहामाहीत तसेच त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत किमान 78 दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. गैरवर्तनाबद्दल काढलेला, वयोमानाने निवृत्त झालेला किंवा आपण होऊन नोकरी सोडलेला मात्र या लाभास अपात्र ठरतो.

हा शेवटचा नियम तत्त्वतः गैर नाही, कारण सर्वांच्या वर्गणीतून उभा राहिलेला निधी आपत्तीसाठी असतो. परंतु ज्याला कपातीबद्दल सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाची भरपाई द्यावी लागली असती, त्या मालकालाच राजीनाम्याच्या एका कागदाने त्या देण्यातून मुक्त होता येते. आणि घरभाडे थकलेला, मुलांच्या फीची मुदत उलटून गेलेला मनुष्य महिन्याच्या पगारासाठी ज्या मजकुराखाली सही करतो, त्या मजकुरातील ‘स्वखुशी’ हा शब्द प्रमाण मानणे म्हणजे सबळाचीच साक्ष काढून दुर्बळाचा निवाडा करणे होय.

ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याची अवस्था याहून बिकट आहे. नगावर मजुरी घेणारा, ठेकेदाराच्या वहीपलीकडे कोठेही नोंद नसलेला कामगार वर्षानुवर्षे राबूनही पात्रतेच्या उंबरठ्यापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. आणि जेथे वर्गणीच भरलेली नाही, तेथे 78 दिवस मोजायचे कोणी?

बेकाराला आधार देण्याची जबाबदारी समाजाने स्वीकारावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेने, मागणीनंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याचे तत्त्व ग्रामीण भागात कायद्याने मान्य केले, आणि तिच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर वसूल होऊ लागला. मीरा-भाईंदरमधून सकाळच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराच्या पगारातून कापले जाणारे दरमहाचे 200 रुपये, आणि फेब्रुवारीतील 300, त्याच करापोटी जातात. राज्यघटनेचा 41 वा अनुच्छेदही, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत का होईना, बेकारीत सार्वजनिक साहाय्याची तजवीज करण्यास सांगतो, आणि त्यात गाव व शहर असा भेद नाही.

हा हक्क हातचा जाऊ नये म्हणून कामगाराने पहिली खबरदारी ही घ्यावी की, विमा क्रमांक, पगाराच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी जपाव्यात, आपली वर्गणी खरोखर भरली जाते की नाही याची काम चालू असतानाच रुजवात घालावी, आणि न वाचलेल्या वा कोऱ्या कागदावर सही करू नये. परंतु सर्व भार त्याच्याच शिरावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. हिशेब चुकता करताना घेतलेला राजीनामा स्वेच्छेचा होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी. विमा कार्यालयाने अर्ज नामंजूर करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे. आणि एकाच गाळ्यातून थोड्या काळात अनेकांचे राजीनामे आले असतील, तर ती कपातच समजून चौकशी करावी. एवढे तीन बदल झाले, तरी ज्यांच्या वर्गणीवर हा निधी उभा आहे, त्यांच्यापर्यंत तो अडचणीच्या वेळी पोहोचू लागेल.

— श्रमाभ्यासक