निवृत्तीनंतरचा पगार

नियम स्पष्ट, कारभार ढिला आणि भुर्दंड मात्र निवृत्ताला, असा प्रकार सरकारी सेवेत अधूनमधून घडतो. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार निवृत्तीचे वय सामान्यतः ५८, चतुर्थ श्रेणीसाठी ६०. तरीही नोंदीतील घोळामुळे एखादा कर्मचारी त्यानंतरही कामावर राहतो. आणि चूक उमगताच कचेरी दिलेला पगार परत मागते. नियत वयानंतर तीन वर्षे सेवेत राहिलेल्या अशाच एकाला त्या काळाच्या वेतनाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरविले. चुकीने वयोमर्यादा वाढत नाही, हे तत्त्व निर्विवाद आहे. ती वाढली तर खालच्याची बढती आणि तरुणाची नोकरी अडते.

परंतु बोरीवलीहून रोज गर्दीची गाडी गाठून ज्याने काम केले, त्याचे श्रम सरकारने फुकट घ्यावेत काय? संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली आहे. तिचा शब्दार्थ येथे लागू नसेल, पण आशय सरकारने विसरू नये. आमच्या मते, ज्याने जन्मतारीख दडविली त्याला कपर्दिकही मिळू नये. मात्र सेवापुस्तक स्वतःच्याच कपाटात असताना कचेरीने काम करून घेतले असेल, तर केल्या कामाचा मोबदला द्यावा. वेतनवाढ वा वाढीव निवृत्तिवेतन देऊ नये. हा खर्च डोळे मिटून बसलेल्या अधिकाऱ्याकडून वसूल करावा. दंड तेथे बसला, म्हणजे सेवापुस्तके वेळेवर उघडतील.